जाहीर केलं म्हणे!

सकाळी साडेसातला गावाहून आईचा फोन. "अगं, नळाला टिपूस नाही. कालपण आलं नाही. मोटार जळली का काय, कुणाला माहीत."

आईचं वय ७८, एकटी राहते, हंडा आता उचलवत नाही. मी ग्रामपंचायतीत फोन लावला. तिकडून एकदम थंड आवाज: "ताई, जाहीर केलंय की! परवाच ग्रुपवर टाकलंय. पाइपलाइनचं काम आहे, शुक्रवारपर्यंत पाणी बंद."

म्हटलं, अरे बाबा, तिच्याकडे बटनाचा फोन आहे. तर म्हणतो, "मग शेजारच्यांनी सांगायला पाहिजे ना."

तेव्हापासून डोकं तापलंय. डाळ करपवली, ती वेगळीच.

मी कोर्टात २६ वर्षं कारकुनी केली. 'जाहीर' हा शब्द रोज शंभरदा टंकला असेल. मूळचा अरबी, अर्थ उघड, दिसणारं. म्हणजे जाहीर करणे म्हणजे उघड करणे. ज्याच्या घरचं पाणी जाणार त्यालाच दिसलं नाही, तर काय उघड केलंत? ग्रुपवर टाकलं म्हणा, पाठवलं म्हणा. जाहीर म्हणू नका.

आमच्या लहानपणी गावात दवंडी असायची. कोतवाल आबा उसाच्या पाचटाचा जाळ करून हलगी शेकायचे, बोटाने टकटक करून बघायचे, मग निघायचे. चावडी, वेस, वरची आळी, खालची आळी. हलगी थांबली की आवाज: "ऐका होऽऽ ऐका! उद्या सकाळी जनावरान्ला लस टोचायची हाय होऽऽ!" रेशनला रॉकेल आलं की दवंडी, ग्रामसभेची दवंडी. आम्ही पोरं मागं मागं.

आमचं गाव भीमेच्या काठी, उजनीच्या खाली. एकदा, मी चौथीत असेन, पावसाळ्यात संध्याकाळी दवंडी आली: धरणातून पाणी सोडणार, नदीकाठच्यांनी जनावरं हलवा. काठालगत एक काकू राहायच्या. एकट्या, ठार बहिऱ्या, दारात दोन शेळ्या. आबा पूर्ण गाव फिरून परत त्यांच्या दारात येऊन उभे राहिले आणि वाजवत सुटले. ठार बहिऱ्या बाईच्या दारात! आम्ही हसत होतो. गाढव होतो.

आमच्याकडे शब्दांची काय कमी आहे? संप पुकारतात, बंद पुकारतात, कोर्टात पट्टेवाला नाव पुकारतो तो तर तीनदा, जिन्यापर्यंत ऐकू जाईल असा. त्यात गळा लागतो. तुमच्या घरातली गोष्ट कुणी गावभर केली की तो डांगोरा, तो मात्र पिटायचाच. दवंडी पिटतातही आणि देतातही. मला 'देतात' आवडतं. दिली म्हणजे कुणाच्या तरी हातात पडायला हवी.

आणि हे नुसतं माझं म्हातारचळ नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, आदेश २१, नियम ५४ उघडून बघा. जप्तीचा हुकूम त्या मिळकतीपाशी किंवा तिच्या लगत ढोल वाजवून नाहीतर तिथल्या रिवाजाप्रमाणे जाहीर करायचा. इंग्रजाला कळलं होतं की ज्याचं जातंय त्याच्या कानावर गेलं पाहिजे. आता पेपरात कोपऱ्यात 'जाहीर नोटीस' येते, मुंगीएवढ्या अक्षरात. तमाम लोकांस कळविण्यात येते की, हरकत असल्यास १४ दिवसांचे आत, अन्यथा हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल. तमाम लोक! 'कळविण्यात येते'मध्ये कळवणारा दिसत नाही, आणि कळलं की नाही ते विचारायला कुणी थांबलेला नसतो.

सरकार तर दुष्काळही जाहीर करतं. आधी पडतो, विहिरी आटतात, छावणीत जनावरं जातात, आणि कागदावर मात्र 'दुष्काळसदृश'. २०१६ ला मे महिना उजाडला तेव्हा कुठे सुमारे २९ हजार गावांच्या वाट्याला नुसता 'दुष्काळ' हा शब्द आला. त्या एका क्रियापदावर लोकांची फी-माफी अडते, वसुलीची स्थगिती अडते. असो, तो विषय वेगळा, बीपी वाढेल.

बरं, मान्य, ग्रुपवरचा निरोप मिनिटात शंभर घरी जातो आणि हलगीला तास लागायचा. तेही एक.

आणि दुसरं, कुणी लिहायच्या आत मीच लिहिते. ही कामं कुणाच्या गळ्यात बांधली होती ते मला माहीत आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या, म्हणजे पिढीजात गावकामाच्या, कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं ते काही उगाच नाही. आमच्याच घरी आबांचा कप वेगळा, गोठ्याच्या वळचणीला पालथा घातलेला. आजीने त्यांना कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. हे लिहिताना आजही मान खाली जाते. तसली दवंडी परत नकोच.

पण त्या संध्याकाळचं पुढचं सांगायचं राहिलं. हलगीने काकू उठल्या नाहीत. आबांनी हलगी दाराला टेकवली, डोक्यावरचं पोतं सारखं केलं, क्षणभर थांबले आणि उंबरा ओलांडून आत गेले. काकूंना खांद्याला धरून हलवलं, हाताने खुणा केल्या, नदीकडे बोट दाखवलं. मग एक शेळी त्यांनी ओढली, एक काकूंनी, आणि वर शाळेकडे निघाले. दुसऱ्या दिवशी चावडीवर चर्चा काय, तर "आत कसा गेला?" काकूंचं अंगण तोवर पाण्यात होतं.

पंचायतीतला तो मुलगा वाईट नाही हो. वीस-बावीसचा असेल, पगार किती ते देव जाणे. दुपारी त्याचाच फोन आला, "ताई, आजींकडे दोन कळशा पोचवल्यात." बरं वाटलं. सकाळी मी जरा जास्तच बोलले होते.

आत्ता आईला सांगितलं, पाणी शुक्रवारी येणार. ती म्हणाली, "शुक्रवारी ना? नक्की? थांब मग, ठेव फोन. मागच्या आळीत दोघीतिघी आहेत, त्यांनाही कुणी सांगितलं नसेल."

म्हटलं, अगं, अंधार पडलाय, उद्या जा.

फोन तिने आधीच ठेवला होता.