चार तास सोयाबीन, दोन तास तूर

शिवारात कुणी भेटलं की हल्ली पहिला प्रश्न हाच, "तुझं सेंद्रिय का रासायनिक?" मी दोन्ही मिळून करतो, त्यामुळे मला या प्रश्नाचाच त्रास होतो, म्हणून आज लिहितोय.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून मी पाठीवर पंप घेतला की आईचा जीव वरखाली व्हायचा. शेवटी रासायनिक खत, औषध सगळं एकदम बंद केलं. पण शेणखत आणायचं कुठून? दावणीला एक गाय आणि रान पाच एकर. दुसऱ्या वर्षी सोयाबीनची वाढच होईना. पुढे श्रीलंकेने २०२१ च्या एप्रिलमध्ये रासायनिक खतं बंद केली आणि नोव्हेंबरात निर्णय मागे घेतला. ती बातमी वाचताना मला माझंच रान दिसत होतं.

आता परभणी कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे सोयाबीनच्या चार तासांना (म्हणजे ओळींना) दोन तास तूर पेरतो. सोयाबीनची मुळं वरच्या थरात, तुरीची खोल. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन निघालं की तुरीला मोकळं रान मिळतं आणि ती फांद्या टाकते. पावसाने ताण दिला तर एक तरी पीक हाती राहतं. पेरणी रुंद वरंबा-सरीवर, म्हणजे उंच रुंद पट्ट्यावर पीक आणि दोन पट्ट्यांमध्ये सरी. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, उघडीप पडली की तीच सरी ओल धरते. डीएपी हे रासायनिक खत सोडलेलं नाही, पण गोणी उचलतो ती माती परीक्षणाचा कागद बघून. शेणखत आहे तेवढंच, पण त्यात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळतो, तुरीचं झाड वाळवणाऱ्या मर रोगासाठी.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. दोन्ही पद्धती वापरायच्या तर कशासोबत काय चालत नाही हे आधी माहीत हवं. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी बुरशीनाशक आणि जिवाणू संवर्धक (हवेतला नत्र मुळांच्या गाठीत धरणारे रायझोबियम जिवाणू) एकाच घमेल्यात कालवून बियाण्याला चोळलं होतं. औषधाने जिवाणूच मारले, मुळांवर गाठी धरल्याच नाहीत. क्रम असा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी रायझोबियम. बियाणं सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं.

तुरीला कळी लागली की शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे), पक्ष्यांना बसायला मचाणं आणि पाच टक्के निंबोळी अर्क. अर्क अंडी आणि बारीक अळीवर चालतो, मोठ्या अळीवर नाही. सापळ्यात सलग दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग पडले तरच रासायनिक औषध, तेही हातमोजे आणि तोंडाला मास्क लावून. आई अजूनही बांधावर येऊन उभी राहते.

आजोबा ज्वारीत तूर घ्यायचे. त्या जोडीत मर कमी येते असं संशोधनही सांगतं. पुढच्या खरिपात एक एकर तसं करायचा विचार आहे. कुणी भारी जमिनीत हल्ली ज्वारी-तूर घेतली असेल तर किती तासांना किती तूर ठेवली आणि रानडुकरांचं काय केलं, ते खाली जरूर लिहा.