आधी कॉम्प्रेशन उतरवा, मगच टर्बो?

गाड्यांच्या हौशी मंडळींत एक सल्ला सतत फिरतो: "इंजिनाचं कॉम्प्रेशन 10 च्या वर असेल तर टर्बो विसरा, पिस्टन वितळतील. हौसच असेल तर जाड हेड गॅस्केट (सिलिंडर आणि वरचं हेड यांमधली चकती) घालून कॉम्प्रेशन साडेआठवर आणा." कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन हवा-पेट्रोलचं मिश्रण किती पट लहान जागेत दाबतो तो आकडा. टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो; बाहेरच्या सुमारे एक बार दाबावरचा त्याचा जादा दाब म्हणजे बूस्ट. पुराव्यादाखल एक गुणाकारही असतो: 11 चं कॉम्प्रेशन, अर्धा बार बूस्ट, म्हणून 11 गुणिले दीड, म्हणजे साडेसोळा. संपलं इंजिन!

याच हिशेबाने साडेआठचं इंजिन एक बार बूस्टला 17 वर जातं. ते मात्र म्हणे सुरक्षित. ज्वाला पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटलं की नॉकिंग होतं. ते तापमान, दाब, पेट्रोलचं ऑक्टेन (नॉकिंगला तोंड देण्याची क्षमता) आणि ठिणगीची वेळ यांवर ठरतं. या गुणाकारात यातलं बहुतेक काहीच नाही. टर्बोने दाबलेली हवा तापते: ती आधी 27 अंशांची आणि टर्बोचा कॉम्प्रेसर 70 टक्के कार्यक्षम धरला, तर अर्ध्या बारला ती सुमारे 80 अंशांवर जाते, एक बारला 120 वर. त्यातली बरीच उष्णता इंटरकूलर, म्हणजे ही हवा थंड करणारा रेडिएटर, काढून घेतो.

याच मंडळींचा दुसरा दावा: "जास्त कॉम्प्रेशनला टर्बो कंपन्या कधीच लावत नाहीत." 1962 च्या ओल्ड्समोबिल जेटफायरला टर्बो होता आणि कॉम्प्रेशन 10.25. नॉकिंग रोखायला पाणी-मेथॅनॉलचा फवारा होता. टाकी भरायला मालक विसरायचे, ही गोष्ट वेगळी. अलीकडे फोक्सवॅगनच्या 1.5 टीएसआयच्या एका आवृत्तीत कॉम्प्रेशन 12.5 आहे. तिथे हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह लवकर बंद होतो, म्हणून मिश्रण प्रत्यक्षात कमी दाबलं जातं, हे सांगायलाच हवं.

आता ते गॅस्केट. सल्ल्यातला सर्वांत घातक भाग हाच. 86 मिमी बोअर (व्यास), 86 मिमी स्ट्रोकच्या (पिस्टनच्या धावेच्या) सिलिंडरमध्ये 11 वरून साडेआठवर यायचं तर गॅस्केटची जाडी जवळपास 3 मिमीने वाढवावी लागते. पिस्टन वर आला की त्याच्या कडा आणि हेड यांत जेमतेम मिलिमीटरभर फट उरते. तिथून मिश्रण जोराने मधे फेकलं जातं आणि भराभर जळतं. ती फट चौपट केलीत तर ज्वलन मंदावतं, कडेच्या मिश्रणाला आपोआप पेटायला जास्त वेळ मिळतो. म्हणजे नॉकिंग टाळायला केलेला उपाय नॉकिंगलाच हातभार लावतो. शिवाय ओव्हरहेड कॅम (हेडमध्येच बसवलेला, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असेल तर हेड उचललं गेल्याने कॅमचं टायमिंगही सरकतं.

पिस्टन वितळण्याचं म्हणाल, तर नॉकिंगने आधी सहसा पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. पिस्टनला भोक पडतं ते बहुधा मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) झाल्याने किंवा ठिणगीआधीच पेट घेतल्याने. तेव्हा आधी इंजेक्टर, फ्यूएल पंप आणि मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं इंधन-ठिणगीचं कोष्टक) बघा. टोयोटा 86 चं कॉम्प्रेशन 12.5 आहे, तरी माफक बूस्टचे टर्बो तिला लावले जातात. बूस्ट त्यापुढे नेला तर काळजी कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याची) असते.

साध्या पंपाच्या पेट्रोलवर एक बार किंवा त्याहून जास्त बूस्ट हवा असेल, तर मात्र कॉम्प्रेशन उतरवणं बरोबर आहे. पण ते त्यासाठी बनवलेल्या फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या, मजबूत) पिस्टनने, गॅस्केटने नव्हे.