सायकलवाल्याला सगळेच पाणी देतात

आमच्या शाळेच्या ग्रुपवर सध्या माणुसकी नक्की कुठे शिल्लक आहे यावर जुंपली आहे. निमित्त अपघाताच्या एका व्हिडिओचं. माणूस रस्त्यावर पडलाय आणि भोवतीचे लोक मोबाइल धरून उभे आहेत. लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, आपल्याकडे माणुसकी मेली, परदेशात बघा. दुसऱ्याचं, परदेशात शेजारी मरून पडला तरी कुणाला पत्ता नसतो, आपल्याकडे नर्मदेकाठी अनोळखी परिक्रमावासीयाला घरी बोलावून जेवू घालतात. दोन्ही तट मला साक्षीला बोलावतात. परवा एकाने लिहिलं, "त्याला काय विचारता, तिकडे राहून तोही थंड झाला असणार."

हे झोंबलं. मी जर्मनीत राहतो, आणि याच उन्हाळ्यात एकटा, सायकलवरून, एल्बे नदीच्या काठाने ड्रेस्डेनहून हॅम्बुर्गला गेलो. नकाशात हा रस्ता नदीबरोबर उताराला जातो. प्रत्यक्षात वायव्येचा वारा सगळा वेळ छातीवर असतो आणि तो उतार कुठे गेला ते कळत नाही. अशा वेळी माणसं कशी वागतात हे मला ग्रुपपेक्षा जास्त माहीत आहे, असं माझं नम्र मत.

आर्नेबुर्ग या गावाच्या अलीकडे मागच्या चाकाचा स्पोक तुटला. वार रविवार, सगळी दुकानं बंद, म्हणजे विषयच संपला. चाक डगमगत होतं, ब्रेकला घासत होतं. उघड्या गॅरेजमध्ये एक म्हातारा बसला होता. त्याने माझ्याकडे नाही, चाकाकडे पाहिलं. उठला, स्पोकची चावी घेऊन आला, सायकल उलटी केली, तुटलेला स्पोक काढला आणि आजूबाजूचे कमीजास्त ताणून चाक पुरेसं सरळ केलं. मला एक अक्षर विचारलं नाही. मी पाकीट काढल्यावर हात झटकला. "सांडाऊच्या फेरीबोटीकडे जाताना दगडी रस्ता आहे, तिथे उतरून चाला," एवढंच बोलला आणि परत खुर्चीत जाऊन बसला. विटेनबर्गच्या पुढे एका कब्रस्तानातल्या नळावर बाटल्या भरत होतो, तर फुलांना पाणी घालणाऱ्या बाईंनी दटावलं की हे पाणी पिण्याचं नाही. बाटल्या हिसकावल्यासारख्या घेतल्या, समोरच्या घरातून भरून आणल्या. मी आभार मानत असताना त्या पाठमोऱ्या झाल्याही होत्या. दोन रात्री कानू-क्लबच्या, म्हणजे होड्या वल्हवणाऱ्यांच्या क्लबच्या, हिरवळीवर तंबू ठोकला.

तर हा तुमचा थंडपणा. मला तो फार आवडतो, सांगून ठेवतो.

कारण आपल्याकडची ऊबही मी घेतलेली आहे. इकडे येण्यापूर्वी कोकण किनाऱ्याने सायकलवर एकटा गेलो होतो. पावसात एका घराच्या पडवीत थांबलो. आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग लग्न झालंय का, मग पगार. आडनाव ऐकल्यावर पडवीतून माजघरात घेतलं, गरम भात वाढला, सकाळी निघताना आजींच्या डोळ्यांत पाणी होतं. इतकं प्रेम मला जर्मनीत कुणी दिलेलं नाही, हे कबूल. पण माझं आडनाव सोयीचं आहे. ग्रुपवरच्या ज्या मित्राचं तसं नाही तो या वादात एक शब्द बोललेला नाही, आणि तो गप्प का, हे विचारायला कुणी तयार नाही. परिक्रमेचे दाखले देणाऱ्यांनी जुनी वर्णनंही नीट वाचावीत. सदावर्त त्यांत आहेच, पण शूलपाणीच्या झाडीत अंगावरच्या कपड्यांसकट लुटले गेलेलेही त्यांत भेटतात.

आता पहिला तट. त्यांना वाटतं इथे सगळे देवमाणूस. इथे अडचणीतल्या माणसाला शक्य असून मदत केली नाही तर दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. फौजदारी कायद्याचं कलम ३२३ क. प्रथमोपचाराचा कोर्स केल्याशिवाय गाडीचं लायसन्स मिळत नाही. आणि २०१७ मध्ये त्याच कलमात अपघाताच्या जागी मदतीच्या आड येणाऱ्यांसाठी शिक्षा घालावी लागली. म्हणजे मोबाइल धरून उभे राहणारे इथेही आहेत. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला पोलिसांच्या ससेमिऱ्यातून सोडवलं, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात अशा माणसाला संरक्षण देणारं कलम १३४ अ आलं, जखमीला मदत करणाऱ्याचं बक्षीसही आता ५,००० वरून २५,००० रुपये झालंय. व्हिडिओतल्या त्या गर्दीत हे किती जणांना ठाऊक होतं? त्यावर ग्रुपवर एकही मेसेज नाही. संस्कृतीवर दोनशे.

"माणुसकी रक्तात असावी लागते" म्हणणाऱ्याला तर मी ड्योमित्सजवळच्या र्‍युटरबर्गला नेऊन उभा करीन. पूर्व जर्मनीच्या काळात सीमेवरच्या या गावाला चारही बाजूंनी कुंपण होतं. फाटक रात्री बंद व्हायचं, गावकऱ्यांनाही पास दाखवून आत यावं लागायचं, अनोळखी माणसाचा तर प्रश्नच नव्हता. कंटाळून लोकांनी ८ नोव्हेंबर १९८९ ला आपलं गाव प्रजासत्ताक म्हणून जाहीर केलं, आणि दुसऱ्याच दिवशी बर्लिनची भिंत पडली. त्याच गावात मला एका बाईंनी अंगणात बसवून कॉफी पाजली. तेव्हा अनोळखी माणसाला कॉफी पाजता येत नव्हती, आता येते. रक्त तर तेच आहे.

एवढं सगळं टाइप केलं, पण ग्रुपवर पाठवलं नाही. कारण पुढची गोष्ट त्यांच्या वादात बसत नाही. हेल्मेट, मागच्या दोन पिशव्या, चिखलाचे पाय, म्हणजे मी कोण ते लांबूनच कळतं: प्रवासी, उद्या जाणारा. परतताना सायकल पार्सलने पाठवली आणि खांद्यावर नुसती पिशवी घेऊन एका स्टेशनवर उभा राहिलो, तर अख्ख्या फलाटावर ओळखपत्र फक्त मला मागितलं गेलं. माणूस तोच, काठ तोच. भारतात गेलो तरी आताशा तसंच होतं. दोन आठवडे सगळे हातावर झेलतात, तिसऱ्या आठवड्यात विचारतात, परतीचं तिकीट कधीचं?

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक बाई राहतात. मी जिना पुसायची पाळी चुकवली की दाराला चिठ्ठी चिकटवतात. कागदाच्या डब्यात प्लॅस्टिक दिसलं तरी चिठ्ठी, तीही अधोरेखित. मला भयंकर राग येतो. पण वाटेत पाणी देणाऱ्या त्या सगळ्या भल्या माणसांपैकी कुणीही मला अशी चिठ्ठी लिहिणार नाही, हेही खरं. ती इथे राहणाऱ्यालाच मिळते.