‘रद्दी’ म्हणालात म्हणून एवढं लिहितोय

अटारी लिंक्स या हातात धरून खेळायच्या गेम कन्सोलच्या प्रोटोटाइप कार्ट्रिजवर, म्हणजे गेम बनत असतानाच्या कच्च्या कार्ट्रिजवर, मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की लिंक्सला चार नाही, सहा पेन्सिल सेल लागतात, न चाललेल्या कन्सोलचे अर्धवट गेम पैसे मोजून घेणं म्हणजे ‘रद्दी जमवायचा आजार’, आणि आम्ही लोक ती कार्ट्रिजं कपाटात डांबतो, चिपमधून वाचलेल्या गेमची फाइल कुणाला देत नाही, वर किमती वाढवतो.

सेलचं मान्य. सहाच लागतात, चार लागतात ते निन्टेन्डोच्या गेम बॉय कन्सोलला. चूक माझी, दुरुस्त केलीये, धन्यवाद.

पण रद्दी? अहो, पटलं नाही तर पटलं नाही म्हणा, आजार वगैरे काय? माझे वडील पुण्यात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. घरी प्रुफं यायची, लाल शाईच्या खुणांनी भरलेली, आणि पुस्तक छापून बाजारात गेलं तरी बाबा ती टाकू द्यायचे नाहीत, कारण कुठली ओळ गाळली, कुठला शब्द आधी वेगळा होता हे त्या कागदावरच असायचं, छापलेल्या पुस्तकात नाही. प्रोटोटाइप म्हणजे गेमचं प्रूफच. मी त्या कागदांच्या गठ्ठ्यांवर बसून अभ्यास केलाय, तेव्हा रद्दी कशाला म्हणायचं हे मला तुमच्याकडून शिकायचं नाहीये.

आणि ‘न चाललेला’ म्हणून काय झालं? 1989 मध्ये रंगीत, बॅकलाइटवाला स्क्रीन हातात धरायला देणारा तो पहिला कन्सोल. अमिगा कॉम्प्युटरवर काम केलेल्या आर. जे. मायकल आणि डेव्ह नीडल या दोघांनी तो आधी एपिक्स कंपनीसाठी बनवला. 180 डॉलरच्या आसपास किंमत, गेम बॉय साधारण त्याच्या निम्म्यात, वर सेल चार-पाच तासांत संपायचे, म्हणून मागे पडला. एलियन व्हर्सेस प्रेडेटर हा गेम त्याच्यासाठी जाहीर झाला आणि कधी दुकानात आलाच नाही, जे काही उरलंय ते प्रोटोटाइपमध्ये. ते पण तुमच्या हिशोबात रद्दीच ना?

दुकानातल्या कार्ट्रिजमध्ये मास्क रॉम असतो, डेटा चिप बनतानाच त्यात पक्का होतो. प्रोटोटाइपमध्ये बहुतेकदा ईप्रॉम चिप असते, डोक्यावर काचेची छोटी खिडकी, यूव्ही दिव्याखाली 15-20 मिनिटं ठेवली की पुसून कोरी, मग पुन्हा लिहायची. उजेडाने डेटा पुसू नये म्हणून खिडकीवर स्टिकर लावतात. माझ्याकडच्या एकाचा स्टिकर कोपऱ्यातून उचकटला होता, मार्करने लिहिलेली तारीख जेमतेम वाचता यायची. ती चिप रीडरवर तीनदा वाचली, दोनदा चेकसम (सगळा डेटा ताडायचा आकडा) जुळला, तिसऱ्यांदा एक बाइट वेगळा. म्हणजे आतला चार्ज गळायला लागलाय, शून्याचा एक होतोय, कधी तसा वाचला जातो कधी असा. मी त्या रात्री खिडकीवर नवीन टेप लावली, आणखी दहा वेळा वाचली, प्रत्येक बाइट ताडून पाहिला. त्या गेमच्या दुसऱ्या लेव्हलला पूल अर्धाच काढलाय, पुढे नुसतं आकाश, आणि आपला माणूस त्या आकाशातून चालत जातो. कुणीतरी ऑफिसात बसून तिथपर्यंत काढला आणि त्याला थांबायला सांगितलं. हे बघताना मला भरून येतं, तुम्हाला नसेल येत तर ठीक आहे, पण मग तुच्छतेने बोलायचा हक्क कुठून आला?

राहिलं फाइल न देण्याचं. दोन दिल्यात, तिसरी ज्याच्याकडून घेतली त्याला शब्द दिलाय म्हणून नाही दिली, विषय संपला. किमती आम्हीच वाढवतो वगैरेवर मी बोलणारसुद्धा नाही, ज्याने आयुष्यात एक चिप वाचली नाही त्याच्याशी त्यावर काय बोलायचं.

पुढच्या वेळी स्वतःचं नाव लिहून या, ‘एक वाचक’ म्हणून नको. तोवर मी ती चिप पुन्हा एकदा वाचून घेतो, मागच्या महिन्यात राहिली होती.