"साहेबांना विचारा" हे नगराध्यक्षांचं उत्तर असूच शकत नाही

आज सकाळी मासळी बाजारात बांगडे घेत होते, तेवढ्यात नगराध्यक्ष आले. सोबत पाच-सहा कार्यकर्ते आणि पुढे उलटं चालत मोबाइलवर शूटिंग करणारा एक मुलगा. बाजाराची पाहणी चालली होती म्हणे. मी जिच्याकडून नेहमी मासळी घेते त्या मावशीने वर बोट दाखवून सरळ विचारलं, पावसाआधी पत्रे बदलणार का? मागच्या पावसाळ्यात ती डोक्यावर प्लास्टिकचा कागद बांधून ओट्यावर बसायची. वरून पागोळी थेट टोपलीत पडायची, ती टोपली इकडची तिकडे सरकवत राहायची. मी रोज बघत होते. नगराध्यक्ष म्हणाले, "ते मुख्याधिकारी साहेबांकडे आहे, त्यांना विचारा." आणि पुढच्या ओट्याकडे गेले.

मावशी मागून ओरडली, "मतं आमी कोनाला दिली? तुमाला का सायबाला?"

बाजारात एकदम शांतता. कोणी काही बोललं नाही. मीही तिथे गप्प राहिले, पण आता घरी येऊन लिहितेय, कारण डोकं शांत होत नाहीये.

चार वर्षं आपण काय भोगलं ते सगळ्यांना आठवत असेल. 2021 च्या शेवटी, 2022 च्या सुरुवातीला आपल्या कोकणातल्या बहुतेक नगरपालिकांची मुदत संपली, आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला आणि डिसेंबर 2025 पर्यंत निवडणुकाच झाल्या नाहीत. तोपर्यंत प्रशासक. गटार तुंबलं, अर्ज द्या. दिवा बंद, अर्ज द्या. अर्ज घेणारा माणूस वाईट नव्हता, पण तो बदली होऊन आलेला आणि बदली होऊन जाणारा. त्याला ना खालची आळी माहीत, ना वरची. तेव्हा आपणच चहाच्या टपरीवर बसून म्हणत होतो ना, की निवडून आलेला माणूस पाहिजे, निदान रस्त्यात अडवता तरी येतो? मग आता अडवल्यावर हे उत्तर?

माझ्या आईने एकदा नगराध्यक्षांना असंच अडवलं होतं. मी शाळेत होते. मे महिना, खालच्या आळीतल्या नळाला पाण्याची नुसती धार. त्या वेळचे नगराध्यक्ष, सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, सायकलवरून चालले होते. आई कळशी घेऊन आडवी उभी राहिली. म्हणाली, "नाना, उतरा खाली. ही कळशी भरेपर्यंत इथून हलायचं नाही." आणि नाना उतरले! सायकल भिंतीला लावली आणि धोतर सावरून नळाच्या कट्ट्यावर बसले. कळशी अर्धी व्हायच्या आत टाकीचं पाणी संपलं. नानांनी पाणी सोडणाऱ्या माणसाला तिथेच बोलावून घेतलं. तेव्हा कळलं की दोन्ही आळ्यांचे व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडायचे आणि वाटेतल्या एका हॉटेलवाल्याने मेन लाइनवर पंप बसवला होता. दुसऱ्या दिवसापासून खालच्या आळीची वेळ वेगळी झाली आणि पंप निघाला.

आता कोणीतरी कमेंटमध्ये 1965 चा नगरपरिषद कायदा काढणार, म्हणून मीच सांगते. हो, कार्यकारी अधिकार मुख्याधिकाऱ्यांकडे असतात. पैसा राज्याकडून आणि जिल्हा नियोजनातून येतो, घरपट्टीत काही भागत नाही. मान्य. पण सर्वसाधारण सभेचं अध्यक्षपद कोणाकडे आहे? विषयपत्रिकेवर काय घ्यायचं, अंदाजपत्रकात बाजाराच्या छपराला पैसे ठेवायचे की चौकातल्या सेल्फी पॉइंटला, हे त्या खुर्चीवरून ठरत नाही का? नानांकडे तरी कुठे जास्तीचे अधिकार होते? ते कट्ट्यावर बसले, एवढंच.

आणि यांना तर आपण थेट निवडून दिलंय. ही थेट निवडणूक 2016 ला आली, 2020 ला रद्द झाली, 2022 ला परत आणली. सरकारं बदलली की नियम बदलले. पण शेवटी डिसेंबरमध्ये नगरसेवकांच्या मतांशिवाय आणखी एक बटण आपण दाबलं, ते फक्त या एका माणसासाठी. मुंबई-ठाण्याचा महापौर नगरसेवक निवडतात, आपला नगराध्यक्ष आख्खं गाव निवडतं. नगरसेवक एक वेळ म्हणू शकतो की तो माझा प्रभाग नाही. नगराध्यक्षाला ती सोयच नाही.

या खुर्चीची ताकद काय असते ते आपल्या रायगडातच बघा. महाड. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 ला झाला, त्यानंतर 1924 ला महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सगळ्यांना खुलं करण्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीस अध्यक्ष असलेली ही नगरपालिका. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब तळ्यावर गेले तेव्हा त्यांच्या मागे हा ठराव होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने दबावाखाली तो मागे घेतला, आणि मग कोर्टकचेरी थेट 1937 पर्यंत चालली. एका छोट्या गावच्या नगरपालिकेचा एक ठराव, तो करणारे आणि तो फिरवणारे, यांच्यावर किती माणसांचं पाणी अवलंबून होतं! तेव्हा या लोकांकडे कुठला निधी होता?

मला आजच्या नगराध्यक्षांचा वैयक्तिक राग नाही. माणूस कष्टाळू आहे, महापुरात होडी घेऊन फिरलेला आहे, आणि म्हणूनच जास्त लागलं. आपण लोकही त्यांना कमी नासवत नाही. बारशाला बोलवायचं, वास्तुशांतीला बोलवायचं, आले नाहीत तर रुसायचं. त्यांच्या वाढदिवसाचे बॅनर लावणारी पोरं आपल्याच घरातली. सगळा दिवस सत्कारात गेल्यावर पत्रे मोजायला वेळ उरणार कधी? आई नानांना कधी जेवायला घरी बोलवायची नाही, पण तक्रार तोंडावर करायची, आणि नाना तिला वचकून असायचे. मला ते नातं जास्त बरं वाटतं.

सर्वसाधारण सभा नागरिकांना बसून ऐकता येते, हे किती जणांना माहीत आहे? पुढच्या सभेला मी जाणार आहे. मावशीला विचारलं, ती म्हणाली सकाळचा धंदा आटपून येते, आणखी दोघी-तिघींना आणते. बाजाराच्या छपराचा विषय पत्रिकेवर घ्या म्हणून उद्या आमच्या नगरसेविकेकडे लेखी देतेय, खाली सह्या पाहिजेत. जून लागायच्या आत पत्रे चढायला हवेत, म्हणजे टेंडर आत्ताच निघायला हवं. ज्यांना सही करायची आहे त्यांनी संध्याकाळी सहानंतर घरी या, नाहीतर मला फोन करा, मी कागद घेऊन येते.