मालकीण कशाची? पातेल्याची!

आज सकाळी मेंटेनन्सचं बिल आलं. खाली एक नवी ओळ: थकबाकीवर व्याज, २१ टक्के. आमच्या सोसायटीच्या उपविधीप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, जास्तीत जास्त २१ लावता येतं, आमच्या कमिटीने त्यातला एक टक्काही सोडलेला नाही. रक्कम किरकोळ आहे हो, पण चहा तसाच राहिला.

दिवाळीपासून आमच्या बाथरूमच्या स्लॅबमधून पाणी ठिबकतंय. वरच्यांचा नहाणी ट्रॅप, म्हणजे मोरीच्या जाळीखालचं भांडं, गेलाय. प्लंबरने सांगितलं, सेक्रेटरींनी मान डोलावली, वरचेही नाही म्हणाले नाहीत. फक्त कुणी काही केलं नाही. भाडेकरू म्हणतो मालकांना विचारा, मालक दुबईत, ते म्हणतात आलो की बघतो. तोवर कमोडशेजारी आमचं दुधाचं जुनं पातेलं. रात्रभर टप्प, टप्प. शेवटी वैतागून मी तीन महिने मेंटेनन्स भरला नाही. तर व्याज कुणाला? मला!

माहितीये, गळतीच्या रागात मेंटेनन्स अडवता येत नाही. बरं. पण सामायिक पाइप गळला तर सोसायटीने बघायचं आणि आतली गळती सभासदांनी आपसात निस्तरायची, म्हणजे मी आणि दुबई!

२००९ पासून हप्ते भरतोय. 'स्वतःचं घर'. माझं छत म्हणजे वरच्यांची फरशी, माझी फरशी म्हणजे खालच्यांचं छत. आणि जमीन? ती अजून बिल्डरच्या नावावर. सोसायटी नोंदवल्यावर चार महिन्यांत बिल्डरने कन्व्हेयन्स द्यायचं असतं, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करायची, आमची नोंदणी २०११ची. बिल्डर देत नसेल तर त्याच्या सहीवाचून सरकारकडून ते करून घ्यायची, डीम्ड कन्व्हेयन्सची, सोय २००८ पासून आहे, पण कागद गोळा कोण करणार? एजीएमला, वार्षिक सभेत, विषय निघतो, समोसे येतात, विषय संपतो. पार्किंगवर मात्र दोन तास भांडण. रिडेव्हलपमेंटची वेळ आली की बघा कसे धावतील सगळे.

भाड्याच्या घरात दर अकरा महिन्यांनी नवा करार आणि ब्रोकरचं तोंड, ते नकोच होतं. कबूल.

पण माहेरी, संगमेश्वरला, कौलारू घर होतं आमचं. गळायचंच ते. बाबा शिडी लावायचे, फुटकं कौल काढायचे, दुसरं सरकवायचे आणि खाली उतरून जेवायला बसायचे. ना ठराव, ना एनओसी, ना दुबई. आज पातेलं ओतताना तेच आठवत होतं.

आणि मग पुढचंही आठवलं. आई गेल्यावर बाबा एकटेच राहायचे तिथे. एकाहत्तराव्या वर्षी त्याच शिडीवरून पडले. सकाळी पडले, ते दुपारी शेजारचा मुलगा गुरं घेऊन परतेपर्यंत अंगणातच. हाक मारली तरी ऐकायला कोण होतं?

इथे मी आंघोळीला जरा वेळ लावला तर समोरच्या काकू दार वाजवतात. "नाही गं, आवाज नाही आला तुझा म्हणून." मला राग येतो त्यांचा. म्हणजे, यायचा.

असो. म्हणून काही २१ टक्के बरोबर ठरत नाहीत!

बिल भरून आलेय, व्याजासकट. दुबईला पातेल्याचा फोटो पाठवलाय, काठोकाठ भरलेल्या. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. थांबा, ओतून येते.