महाशिवरात्रीच्या रविवारी आलेल्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच लिहितो.

तुम्ही रिव्ह्यूमध्ये आमच्या सॉफ्ट प्लेला, म्हणजे लहान मुलांच्या या बंदिस्त खेळघराला, एक तारा दिलात. दारात वीस मिनिटं रांगेत उभं राहावं लागलं, टेबल चिकट होतं, मोज्यांचे वेगळे पैसे घेतले आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी सगळ्यांसमोर डब्यात परत भरायला लावली, असं तुम्ही लिहिलंय. आणि शेवटी, ‘मालक मराठी आहे म्हणून मुद्दाम आलो, पण त्याला आपल्याच अन्नाची लाज वाटते.’

रांगेबद्दल आणि टेबलाबद्दल मनापासून माफी मागतो. हाफ टर्मच्या, म्हणजे शाळेच्या सत्रामधल्या सुट्टीतला पहिला रविवार, बाहेर सकाळपासून पाऊस, आणि आमच्याकडे काम करणारी एक मुलगी आजारी. पण ते आमचं आम्ही निभवायला हवं होतं. काउंटरवरच्या मुलीने तुम्हाला बाजूला घेऊन हळू सांगायला हवं होतं, तेही खरं. तिच्याशी बोललोय. मोज्यांचं बुकिंगच्या ईमेलमध्ये लिहिलेलं असतं, तळाला रबरी ठिपके असलेले घरचे मोजे आणले तर पैसे पडत नाहीत. त्यावर जास्त बोलत नाही.

लाजेबद्दल मात्र मला बोलू द्या. त्या वाक्याने मला आठ दिवस नीट झोप लागलेली नाही.

मी सोलापूरचा आहे. शेंगाचटणीच्या गावात वाढलेला माणूस शेंगदाण्याची लाज कशाला बाळगेल? इथे लंडनजवळच्या स्लाउमध्ये आमच्या घरी चटणीची बरणी कधी रिकामी नसते, भारतातून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत आई एक किलो तरी कोंबतेच. त्या रविवारी माझाही उपवास होता. बायकोने पहाटे उठून खिचडी करून ठेवली होती, कूट घालून, जशी तुमची होती तशीच. पण ती आम्ही इथे आणली नाही. इथे कामाला येताना आमच्या डब्यात शेंगदाणा कधीच नसतो.

कारण असं आहे. गावाकडे असताना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी हा शब्द मी ऐकलाही नव्हता. इथे साधारण 50 मुलांमागे एकाला ती असते. शाळेतून मुलांच्या डब्याबद्दल जे पत्र येतं त्यात शेंगदाणे सगळ्यात वर असतात, हे तुम्हालाही लवकरच दिसेल. कायद्याने त्रास होऊ शकणाऱ्या ज्या 14 पदार्थांची माहिती आम्हाला गिऱ्हाइकाला द्यावीच लागते त्यात शेंगदाणा आहे, आणि 2021 च्या ऑक्टोबरपासून कॅफेत बांधून ठेवलेल्या साध्या सँडविचवरसुद्धा सगळे घटक छापावे लागतात. आम्ही शेंगदाण्याचं काहीच विकत नाही. पण बाहेरून येणाऱ्या डब्यात काय आहे ते आम्हाला कसं कळणार? खिचडीतलं कूट इथल्या आईला दिसतच नाही. तिला ते साबुदाण्याचे पांढरे मणी वाटतात आणि ती निर्धास्त राहते.

मुलांना शेंगदाणे देऊ नका, असं माझं अजिबात म्हणणं नाही. उलट 2015 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या डॉक्टरांनी सहाशेहून जास्त बाळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा द्यायला सुरुवात झाली, त्यांच्यात पुढे ही अ‍ॅलर्जी खूपच कमी आढळली. म्हणजे आपल्या आज्या करत होत्या ते बरोबरच होतं. ते घरी करा, जरूर करा. सॉफ्ट प्ले ही जागा वेगळी आहे. इथे प्रत्येक मूल प्रत्येक गोष्टीला हात लावतं आणि मग तोच हात तोंडात घालतं.

आता जे तुम्ही लिहिलं नाहीत ते सांगतो. राग मानू नका.

तुम्ही टेबलावर बसून खात होतात तोवर कोणी काही बोललं नाही. नंतर तुमचा लेक चेंडूंनी भरलेल्या बॉल पूलमध्ये उतरला आणि तुम्ही वाटी घेऊन कडेला उभ्या राहिलात. तो एक उडी मारून यायचा, एक घास घ्यायचा, परत आत जायचा. मूल जेवत नसलं की जीव कसा होतो ते मला माहीत आहे, माझी आईही मला चिऊ-काऊ दाखवत अंगणभर फिरून भरवायची. पण तिसऱ्या-चौथ्या घासाला वाटी कलंडली आणि खिचडी चेंडूंमध्ये गेली. त्याच वेळी आत चार वर्षांचं एक मूल खेळत होतं. त्याच्या आईने नोंदणी करतानाच अ‍ॅलर्जीचं लिहून दिलं होतं आणि तिच्या पिशवीत त्याची, झटका आला तर लगेच द्यायची, दोन इंजेक्शनं होती. ती माउली मुलाला उचलून अशी धावत बाहेर आली की आमची काउंटरवरची मुलगी घाबरून ओरडली. तुम्हाला ऐकू गेला तो आवाज भीतीचा होता, ताई. तुमचा अपमान करावा असं तिच्या मनातही नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी कामाला लागलेली एकोणीस वर्षांची पोर आहे ती. खिचडी म्हणजे काय हेही तिला माहीत नव्हतं.

त्या मुलाला काही झालं नाही, देवाची कृपा. पण बॉल पूल आम्हाला दिवसभर बंद ठेवावा लागला, तोही वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या रविवारी. दोन कुटुंबांनी पैसे परत मागितले, आम्ही दिले. सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश निघत नाही, साबण आणि पाणीच लागतं. रात्री बंद केल्यावर मी, बायको आणि माझा भाचा, आम्ही तिघांनी मिळून सगळा पूल उपसला आणि एकेक चेंडू साबणाच्या पाण्यातून काढला. घरी पोचायला दोन वाजले. सकाळची खिचडी तेव्हा खाल्ली, थंडच. लाज वाटत असती तर ती खाल्ली असती का?

हे सगळं लिहितोय कारण हा आमच्या पोटाचा प्रश्न आहे. इंग्लंडात व्यापारी जागेचं भाडं सहसा तिमाहीला आगाऊ द्यावं लागतं. पुढची तारीख 25 मार्च, आणि एक हप्ता तर नेमका नाताळच्या दिवशी येतो. 2026 च्या एप्रिलपासून एकवीस आणि त्यावरच्या वयाच्यांचं किमान वेतन ताशी 12.21 वरून 12.71 पौंड होतंय. मुलींना ते मिळायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण कमाईचे दिवस मोजकेच असतात. ऊन पडलं की सगळी कुटुंबं बागेत जातात आणि आमची शेड ओस पडते. आमचे आजोबा कोरडवाहू शेतात उभे राहून आभाळाकडे बघायचे, तसा मी जून-जुलैत इथे बघतो, आज पाऊस येईल का म्हणून. वाढदिवसाचं बुकिंग करताना लोक आधी रिव्ह्यू वाचतात. तुमचा रिव्ह्यू पहिल्याच पानावर आहे.

बदल म्हणाल तर डब्याबद्दलची पाटी आता मराठी, हिंदी आणि पंजाबीतही लावतोय. टेबलं पुसायचं वेळापत्रक नव्याने केलंय. उपवासाचं, बिनशेंगदाण्याचं काहीतरी कॅफेत ठेवावं असंही मनात आहे, आषाढीपर्यंत जमवायचा प्रयत्न करतो. लहान बाळांच्या वरणभाताला, दहीभाताला आम्ही आधीही कधी अडवलं नाही आणि पुढेही अडवणार नाही.

तुमचा बुकिंग क्रमांक कळवा, मोज्यांचे पैसे परत पाठवतो. तारा एकच राहू द्या, रांगेचं आणि टेबलाचं तुमचं म्हणणं खरंच आहे. ते शेवटचं वाक्य मात्र काढता आलं तर बघा. माझी नऊ वर्षांची मुलगी दर रविवारी मराठी शाळेला जाते. तिला आता जोडाक्षरं वाचता येतात, आणि ते वाक्य तिनेच मला वाचून दाखवलं.